दक्षिणी बीच आणि त्यांच्या सोबतीच्या बुरशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूझीलंड, टास्मानिया किंवा दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या पॅटागोनियातलं जंगल पाहून आलेली मंडळी बहुधा हेच विचारतात: तिथल्या झाडांची खोडं इतकी काळी का होती? फांद्यांना लागलेले नारिंगी गोळे कसले? आणि जंगल एका ठरावीक रेषेवर एकदम का संपतं? तिन्ही प्रश्नांची उत्तरं शोधत गेलं की आपण बुरशीपाशी पोचतो. म्हणून या पानावर झाडाची माहिती एकीकडे आणि बुरशीची दुसरीकडे असं केलेलं नाही. निसर्गातही ती तशी वेगळी नाहीत.

दक्षिणी बीच म्हणजे नेमकं कोणतं झाड?

नोथोफॅगस या प्रजातीतली झाडं. तिच्यात साधारण 40 जाती आहेत आणि त्या सगळ्या दक्षिण गोलार्धात वाढतात: चिली आणि अर्जेंटिना, न्यूझीलंड, टास्मानिया आणि ऑस्ट्रेलियाचा पूर्व-आग्नेय डोंगराळ भाग, न्यू कॅलेडोनिया, न्यू गिनीचे डोंगर. पानं लहान असतात, बऱ्याच जातींत कडा दातेरी. पुष्कळ जाती सदाहरित आहेत, काही पानगळीच्या. अँडीजच्या उतारावरची लेंगा नावाची जात शरद ऋतूत डोंगरच्या डोंगर तांबडे करून टाकते. टास्मानियातली नोथोफॅगस गनी ही ऑस्ट्रेलियाच्या थंड प्रदेशात हिवाळ्यापूर्वी पानं गाळणारी एकमेव स्थानिक जात. एप्रिलच्या शेवटी ती पिवळी-केशरी होते तेव्हा लोक खास तेवढ्यासाठी डोंगर चढतात. जगातलं सर्वांत दक्षिणेकडचं झाड केप हॉर्नजवळच्या हॉर्नोस बेटावर आहे आणि तेही दक्षिणी बीचच आहे.

न्यूझीलंडच्या पाट्यांवर तुम्हाला फुस्कोस्पोरा, लोफोझोनिया अशी नावं दिसतील. 2013 साली तिथल्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी नोथोफॅगसच्या चार प्रजाती कराव्यात असं सुचवलं. सगळ्यांनी ते मान्य केलेलं नाही. या पानावर आम्ही जुनंच नाव ठेवलं आहे.

युरोपातल्या बीचशी यांचं नातं किती जवळचं?

चुलत-चुलत म्हणता येईल इतकं. दोन्ही एकाच गणातली, पण कुळं वेगळी. याच गणात ओक, अक्रोड आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेला सुरूही येतो. सुरू मूळचा आपला नाही, पण दक्षिणी बीचचा एखादा नातेवाईक महाराष्ट्रात पाहायचा असेल तर तोच.

ही झाडं भारतात का नाहीत? आपणही गोंडवन या प्राचीन महाखंडाचाच तुकडा होतो ना?

होतो, पण आपण फार लवकर निघालो. भारताचा तुकडा अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून साधारण 13 कोटी वर्षांपूर्वी सुटू लागला. दक्षिणी बीचचे सर्वांत जुने परागकण 8 कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. सह्याद्रीचे लाव्हाचे थर साचत होते, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, तेव्हा भारत समुद्रात एकटा होता आणि अंटार्क्टिकावर, जिथे आज बर्फाशिवाय काही दिसत नाही, दक्षिणी बीच उभी होती. तिथल्या खडकांत त्यांची पानं, लाकूड आणि परागकण सापडतात.

आज वेगवेगळ्या खंडांवर असलेली ही झाडं जमीन तुटली म्हणूनच दुरावली, असं बराच काळ मानलं जायचं. डीएनएच्या अभ्यासानंतर चित्र थोडं बदललं. टास्मान समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या काही जाती एकमेकींच्या इतक्या जवळच्या निघाल्या की त्यांची ताटातूट न्यूझीलंड सुटल्यानंतर पुष्कळ उशिरा झाली असली पाहिजे. म्हणजे बी कधीतरी समुद्र ओलांडून गेलं. आणि झाडाच्या पाठोपाठ त्याची बुरशीही.

या झाडांबरोबर कोणकोणत्या प्रकारच्या बुरशी राहतात?

मुळांना बिलगून राहणाऱ्या, ज्यांच्यावाचून झाड नीट वाढत नाही. फांद्यांवर गाठी आणून झाडाच्या अन्नावर जगणाऱ्या. खोडावर कीटकांच्या गोड स्रावावर वाढणाऱ्या. मेलेलं लाकूड कुजवणाऱ्या. आणि काही थेट झाडाचा जीव घेणाऱ्या. सगळ्यांना मित्र म्हणता येणार नाही आणि सगळ्यांना रोगही म्हणता येणार नाही. पुढची उत्तरं याच क्रमाने आहेत, पण सगळ्यांना सारखी जागा दिलेली नाही.

मुळांवरची बुरशी नक्की काय करते?

बीचच्या जंगलातला पालापाचोळा बाजूला सारून एखादं बारीक मूळ पाहिलं तर त्याची टोकं आखूड, फुगीर आणि फाटे फुटलेली दिसतात. या टोकांवर बुरशीच्या तंतूंचं आवरण असतं. तंतू मुळाच्या बाहेरच्या पेशींमधल्या फटींत शिरून जाळं विणतात, पेशींच्या आत मात्र जात नाहीत. देवघेव तिथेच चालते. झाड पानांत तयार केलेली साखर देतं, बुरशी मातीतून नत्र, स्फुरद आणि पाणी आणून देते.

आपल्याकडे आंबा, ऊस, ज्वारी यांच्या मुळांतही बुरशी असते, पण ती वेगळ्या घराण्यातली. ती पेशींच्या आत शिरते आणि तिला अळंब्या येत नाहीत. शेतीच्या दुकानात मायकोरायझा म्हणून जे मिळतं ते बहुतेक या दुसऱ्या घराण्यातलं असतं. दक्षिणी बीचला त्याचा उपयोग नाही.

थंड प्रदेशात पालापाचोळा फार हळू कुजतो आणि नत्र त्यातच अडकून पडतं. मुळाशी राहणाऱ्या पुष्कळ बुरशी आपल्या विकरांनी ते सोडवून आणतात. एवढ्या थंड, ओल्या, नापीक जमिनीवर इतकं दाट जंगल उभं राहतं त्यामागे हा उद्योग आहे. म्हणूनच शरद ऋतूत तिथे जमिनीतून जे उगवतं ते पाहण्यासारखं असतं. कॉर्टिनेरियस या एकाच प्रजातीच्या शेकडो जाती या जंगलांत आहेत: जांभळ्या, हिरवट, तांबूस, चिकट, कोरड्या. त्यांच्या जोडीला रुसुला, लॅकेरिया, अमॅनिटा. आपण जी अळंबी पाहतो ती बुरशीचं फक्त बीजुकं पसरवण्याचं साधन. तिचं खरं शरीर जमिनीखाली मुळांपासून मुळांपर्यंत पसरलेलं असतं.

जंगलाच्या बाहेर बीचची रोपं का दिसत नाहीत?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर हे फार ठळक दिसतं. इकडे बीचचं जंगल, तिकडे गवत, मध्ये स्पष्ट रेषा. आग किंवा कुरणांमुळे एकदा हटलेलं जंगल आपली जागा परत घ्यायला अतिशय वेळ लावतं.

एक कारण बी. ते लहान असतं, पण वाऱ्यावर फार लांब जात नाही. दुसरं कारण जमिनीखाली आहे. ऑटागो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ जेफ बेलिस यांनी 1980 साली बीचचा प्रसार आणि मुळांवरची बुरशी यांचा संबंध नीट मांडला. गवताच्या मुळांवर ती दुसऱ्या घराण्यातली बुरशी असते. बीचचं बी तिथे पडून रुजलं तरी त्याला हवी ती बुरशी मातीत नसते. रोप काही काळ तग धरतं, पिवळं पडतं, खुरटतं. मोठ्या झाडाच्या मुळांच्या टप्प्यात रुजलेल्या रोपाला मात्र जोडीदार तयारच मिळतात. त्यामुळे जंगल पावलापावलाने सरकतं, उडी मारत नाही.

मानुका आणि कानुका या झुडपांच्या मुळांवर दोन्ही घराण्यांतल्या बुरशी राहू शकतात. त्यांची झुडुपं असलेल्या माळावर बीचला पाय रोवणं सोपं जातं. एकेकाळी शेतकरी हे रान निरुपयोगी म्हणून जाळत असत. रोपवाटिकेत बीचची रोपं वाढवणारे लोक मातीत जुन्या जंगलातला थोडा पालापाचोळा मिसळतात, तो याचसाठी. झाडं लावण्याच्या कुठल्याही कार्यक्रमात खड्डे किती खणले हे अभिमानाने सांगितलं जातं. मला विचारावंसं वाटतं: मातीत बुरशी कोणती आहे, हे कुणी पाहिलं का?

फांद्यांना लागलेले नारिंगी गोळे म्हणजे फळं का?

नाही. ती सायटेरिया नावाची बुरशी. बुरशी आणि झाड यांच्या नात्याचं इतकं देखणं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सायटेरियाच्या दहा-बारा जाती आहेत आणि त्या फक्त दक्षिणी बीचवर जगतात, दुसऱ्या कुठल्याही झाडावर नाही. बुरशी फांदीत शिरली की झाडाच्या ऊतींची गाठ होते. गाठ वर्षानुवर्षं राहते, कधी डोक्याएवढी होते. वसंत ऋतूत तिच्यावर पिवळे-नारिंगी गोळे घोसाने येतात. सुरुवातीला त्यांची कातडी गुळगुळीत असते. मग ती फाटते आणि आतले खळगे उघडे पडतात. बीजुकं या खळग्यांतून बाहेर पडतात. आकार आणि रूप साधारण गोल्फच्या चेंडूचं.

चार्ल्स डार्विनने 1832-33 च्या सुमारास टिएरा डेल फ्युएगोत हे गोळे गोळा केले. इंग्लंडमधले पाद्री आणि बुरशीतज्ज्ञ माइल्स बर्कली यांनी 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं वर्णन केलं आणि एका जातीला डार्विनचं नाव दिलं. चिलीत दुसऱ्या बीचवर दुसरी जात सापडली होती. मग वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरकडून डार्विनला कळलं की टास्मानियात तिसऱ्या बीचवर तिसरी जात मिळाली आहे. इतक्या दूरच्या भूमींवर तेच झाड आणि तीच परोपजीवी बुरशी, याचं डार्विनला नवल वाटलं आणि त्याने ते प्रवासवर्णनात नोंदवलं. खंड सरकतात हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुरावा मात्र त्याच्या हातात होता.

पुढे 2010 मध्ये क्रिस्टिन पीटरसन आणि डोनाल्ड फिस्टर यांनी झाडांची आणि सायटेरियाची वंशावळ डीएनएवरून शेजारी-शेजारी मांडली. दोन्ही बऱ्याच ठिकाणी जुळतात, म्हणजे झाडाच्या जाती दुभंगत गेल्या तशा बुरशीच्याही. पण सगळीकडे नाही. न्यू गिनी आणि न्यू कॅलेडोनियात बीच आहे, सायटेरिया नाही. न्यूझीलंडमध्येही ती फक्त रुपेरी बीचवर येते, शेजारी उभ्या असलेल्या लाल किंवा काळ्या बीचवर नाही.

सायटेरियामुळे झाड मरतं का?

सहसा नाही. गाठीच्या पुढची फांदी कधी वाळते, झाडाची साखर खर्ची पडते, पण झाड अशा गाठी घेऊन दीर्घकाळ जगतं. परोपजीवी असूनही ही बुरशी यजमानाला सांभाळून राहते. तिला दुसरं घरच नाही.

हे गोळे खातात म्हणे. खरं का? चव कशी?

खातात, आणि फार जुन्या काळापासून. टिएरा डेल फ्युएगोतल्या बायका-मुलं ते मोठ्या प्रमाणावर गोळा करून न शिजवता खातात, चव बुळबुळीत आणि किंचित गोड, वास अळंबीचा, असं डार्विनने लिहिलं आहे. थोड्या बोरांसारख्या फळांव्यतिरिक्त तिथल्या लोकांच्या आहारात दुसरं वनस्पतिजन्य अन्न जवळपास नाही आणि बुरशी हे मुख्य अन्न असलेला असा प्रदेश आपल्याला दुसरा माहीत नाही, असंही त्याने नोंदवलं.

आज मध्य-दक्षिण चिलीत रोबले नावाच्या बीचवर येणारी जात, डिग्वेन्ये, सप्टेंबर-ऑक्टोबरात बाजारात येते. मापुचे या तिथल्या मूळ रहिवासी समाजाचे विक्रेते टोपल्या घेऊन रस्त्याकडेला बसतात. कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून तिची कोशिंबीर करतात, किंवा अंड्याबरोबर परततात. ताजी डिग्वेन्ये बाहेरून जराशी चामट, आतून रसाळ असते. स्वतःची ठळक चव कमी, म्हणून ज्यात टाकाल त्याची ती होते. पावसाळ्यात जंगलातली अळंबी आणून कांद्यावर परतणाऱ्या आपल्या घरांना हे परकं वाटू नये.

अर्जेंटिनात बारिलोचेजवळ याओ याओ नावाची जागा आहे. तिथल्या सायटेरियाला हेच नाव आहे.

या बुरशीचा बिअरशी काय संबंध?

भारतात विकली जाणारी बहुतेक बिअर लागर प्रकारची, म्हणजे थंड तापमानात आंबवलेली. तिचं यीस्ट संकरित आहे. एक पालक नेहमीचं, पावाचं आणि एल बिअरचं यीस्ट. दुसरा पालक थंडी सहन करणारा, पण तो निसर्गात कुठे राहतो हे कुणालाच माहीत नव्हतं. युरोपात शोधाशोध झाली होती.

2011 साली बारिलोचेचे डिएगो लिबकिंड आणि पोर्तुगाल व अमेरिकेतले त्यांचे सहकारी यांनी तो दुसरा पालक पॅटागोनियाच्या बीच जंगलात सापडल्याचं जाहीर केलं. सायटेरियाच्या गोळ्यांत साध्या साखरा भरपूर असतात. पिकलेले गोळे जमिनीवर पडून थर साचतो, आणि तो थर आपोआप आंबू लागतो. दारूचा वास येतो. त्यातून वेगळ्या केलेल्या यीस्टचा जनुकसंच लागर यीस्टच्या अज्ञात अर्ध्याशी 99.5 टक्के जुळला. त्याला सॅकरोमायसीस युबायॅनस हे नाव दिलं गेलं.

मग पॅटागोनियातून ते जर्मनीत कसं गेलं? बव्हेरियातली थंड बिअर जुनी आहे, त्यामुळे जहाजातून आलं ही गोष्ट नीट बसत नव्हती. 2014 मध्ये तिबेटमधले नमुने लागर यीस्टच्या आणखी जवळचे निघाले, आणि 2022 मध्ये हेच यीस्ट डब्लिनच्या विद्यापीठ आवारातल्या मातीत सापडलं. म्हणजे युरोपातही ते होतंच, फक्त कुणाला दिसलं नव्हतं. पण त्याची सर्वाधिक विविधता पॅटागोनियात आहे, बीचच्या फांद्यांवर आणि सालींवर. एका डच कंपनीने 2016 साली या रानटी यीस्टपासून बिअर काढली आणि 41 अंश दक्षिण अक्षांशावरून तिला नाव दिलं.

एक साखरेची गाठ, तिच्यावर जगणारं यीस्ट, आणि त्यातून जगभरातल्या पेयाचा उद्योग. ते जंगल आधीच तोडलं असतं तर हा दुवा शोधणं किती अवघड झालं असतं, याचा विचार करून पाहा.

न्यूझीलंडमध्ये खोडं काळीकुट्ट का दिसतात? आग लागली होती का?

आग नाही, कोळशी. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना हा शब्द समजावून सांगायला नको. काळ्या माशीच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि पानं-फळं काळी पडतात. दक्षिण बेटाच्या उत्तर भागातल्या बीचवर तेच घडतं, फक्त तिथे ते संकट नसून जंगलाचा आधार आहे.

सालीत एक खवलेकीड दडून बसते. झाडाचा रस शोषते आणि जास्तीची साखर केसाएवढ्या पांढऱ्या मेणचट नळीतून बाहेर टाकते. नळीच्या टोकाला चमकणारा थेंब, तोच मधुरस. सुमारे 10 लाख हेक्टर जंगलात हा प्रकार चालतो. तुई, बेलबर्ड आणि काका हा पोपट हे थेंब चाटतात. जे थेंब खाली गळतात त्यांच्यावर काळ्या बुरशीचा जाड, स्पंजासारखा थर वाढतो, आणि त्या थरात लहान कीटकांचं आख्खं जग राहतं. हाताने खोड दाबलं तर गादीवर हात ठेवल्यासारखं लागतं.

या गोष्टीत दुःखाचा भाग परक्या गांधीलमाश्यांचा आहे. जर्मन गांधीलमाशी 1940 च्या दशकात आली, सामान्य गांधीलमाशी 1970 च्या दशकाच्या शेवटी. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्यांची संख्या इतकी वाढते की काही जंगलांत त्यांचं एकूण वजन पक्षी, उंदीर आणि स्टोट (मुंगसासारखा दिसणारा लहान शिकारी प्राणी) यांच्या एकत्रित वजनाहून जास्त भरलं. थेंब त्या संपवतात, पक्षी उपाशी राहतात. नेल्सन लेक्ससारख्या ठिकाणी आता प्रथिनयुक्त विषारी आमिष ठेवून त्यांना आवरलं जातं. मधमाश्या मधुरसाकडे जात असल्यामुळे आमिष गोड ठेवत नाहीत, ही चांगली युक्ती. तिथल्या मधमाश्यांनी या थेंबांपासून केलेला गडद मधही बाजारात मिळतो.

कुजलेलं लाकूड गुरांना खायला घालतात, हे खरं आहे का?

दक्षिण चिलीत, चिलोए बेटासकट, हे खरोखर घडलं आहे. तिथे त्याला पालो पोद्रिदो म्हणतात, म्हणजे सडकं लाकूड. कोइवे ही सदाहरित बीच आणि आणखी काही झाडं यांच्या पडलेल्या ओंडक्यांत गॅनोडर्मासारख्या बुरशी लाकडाला कडक करणारं लिग्निन जवळपास संपवून टाकतात आणि सेल्युलोज बरंचसं मागे ठेवतात. लाकूड पांढरं, मऊ, ओलसर होतं. गाई-बैलांच्या पोटातले सूक्ष्मजीव सेल्युलोज पचवू शकतात. त्यांना अडतं ते लिग्निनमुळे. बुरशीने ती अडचण आधीच काढलेली असते. थंड पावसाळी हवा, नत्राची कमतरता आणि बुरशीची योग्य जात, हे एकत्र आलं तरच असं लाकूड तयार होतं, म्हणून ते कुठेही मिळत नाही.

पक्षी अळंब्या पसरवतात का?

हो. चिलीच्या जंगलात चुकाओ आणि हुएड-हुएड हे जमिनीवर चालणारे, लाजाळू पक्षी आहेत. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या विष्ठेत मुळांवर राहणाऱ्या अनेक बुरशींचा डीएनए सापडला आणि त्यातली बीजुकं जिवंत होती. जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफलसारख्या जातीही त्यांत होत्या.

न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर मूळचे जमिनीवरचे सस्तन प्राणी नव्हतेच. आणि तिथे बीचखाली कॉर्टिनेरियसची एक जात उगवते: भडक जांभळी, टोपी कधीच न उघडणारी, जमिनीवर पडलेल्या फळागत दिसणारी. तिथल्या अभ्यासकांचा तर्क असा की फळं शोधणाऱ्या पक्ष्यांना भुलवण्यासाठी हे रंग आले. त्यातले मोआसारखे पक्षी आता नाहीत. त्यामुळे हा तर्क पूर्ण तपासणं कठीण आहे, पण मला तो पटतो.

कोणती बुरशी झाडाचा जीव घेते?

टास्मानिया आणि व्हिक्टोरियात मर्टल नावाने ओळखल्या जाणाऱ्या बीचला मर्टल विल्ट हा रोग होतो. त्याची बुरशी चालारा ऑस्ट्रालिस. बीजुकं खोडाच्या जखमेतून शिरतात, आणि एकमेकांना जुळलेल्या मुळांतून शेजारच्या झाडात जातात. लाकूड पोखरणारा प्लॅटिपस जातीचा भुंगेरा रोगी झाडावर येतो आणि बुरशी असलेला भुसा बाहेर टाकतो. आधी पानं पिवळट, मग तपकिरी होतात आणि वाळूनही काही काळ झाडावरच राहतात. ही बुरशी तिथली मूळचीच आहे. पण रस्ते काढताना, लाकूडतोड करताना झाडांना जखमा होतात आणि तिला दार उघडं मिळतं. रोगाचा दोष सगळा बुरशीवर टाकता येत नाही.

बाहेरून आणलेल्या झाडांमुळे काय होतं?

पाइनला स्वतःच्या बुरशी लागतात. अर्जेंटिनाच्या नाउएल उआपी सरोवरातल्या व्हिक्टोरिया बेटावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळ परदेशी झाडं लावली गेली. लागवडीबाहेर ती अपेक्षेइतकी पसरली नाहीत. 2009 मधल्या संशोधनात दिसलं की लागवडीपासून दूरच्या मातीत त्यांच्या बुरशी कमी आहेत, म्हणून रोपं रखडतात. पण हा बांध कायमचा नाही. परदेशातून आणलेली हरणं आणि रानडुकरं या बुरशी खाऊन त्यांची बीजुकं लांबवर नेतात.

उलट दिशेचं उदाहरण न्यूझीलंडचं. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली विषारी अमॅनिटा मस्कारिया पाइनसारख्या आणलेल्या झाडांबरोबर आली आणि आता ती बीचच्या जंगलात शिरून बीचच्याच मुळांशी राहू लागली आहे. छायाचित्रात ती फार सुंदर दिसते. तिथल्या मूळच्या बुरशींच्या जागेवर ती बसते आहे का, ही खरी काळजी आहे.

आणखी कोणत्या खाण्याजोग्या जाती आहेत? आम्ही गोळा कराव्यात का?

चिलीत लोयो ही मोठी, मांसल अळंबी, पोवळ्यासारख्या फांद्यांची ‘चांगले’ नावाची अळंबी, आणि जुन्या बीचच्या खोडावर येणारी, बदामाच्या वासाची गारगाल, या तिन्हींना मागणी आहे. लोयो आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यातली म्हणून नोंदली आहे. जंगल घटलं हे एक कारण, आणि बीजुकं पडण्याआधीच कोवळी लोयो उपटली जाते हे दुसरं. चिलीने 2010 मधल्या पर्यावरण कायद्यात बुरशींची दखल घेतली. त्यासाठी झटणाऱ्यांत बुरशीतज्ज्ञ जुलियाना फुर्ची यांचं नाव आवर्जून घ्यायला हवं.

तुम्ही स्वतः गोळा करू नये, हे आमचं स्पष्ट मत. कॉर्टिनेरियसच्या काही जाती मूत्रपिंडं निकामी करतात आणि लक्षणं दिसायला काही दिवस ते आठवडेही लागू शकतात. महाराष्ट्रातल्या अळंब्यांची तुमची ओळख कितीही पक्की असली तरी ती तिथे चालत नाही. बाजारातून घ्या, स्थानिक माणसाच्या हातचं खा.

पाहायचं असेल तर कुठे आणि कधी जावं?

जमिनीवरच्या अळंब्यांसाठी एप्रिल-मे, तिथला शरद ऋतू: न्यूझीलंडमध्ये फियोर्डलँड, लुईस पास, नेल्सन लेक्स, टास्मानियात क्रेडल माउंटन आणि माउंट फील्ड, जिथे त्याच दिवसांत पिवळी-केशरी पानंही दिसतात. सायटेरियासाठी वसंत आणि उन्हाळ्याची सुरुवात: चिलीत सप्टेंबरपासून, टास्मानिया आणि न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे. ब्रिस्बेनला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर लांब जायचीही गरज नाही. न्यू साउथ वेल्स-क्वीन्सलँडच्या सीमेवरच्या डोंगरांत, लॅमिंग्टनसारख्या राष्ट्रीय उद्यानात, नोथोफॅगस मूरीची शेवाळाने मढलेली जुनी झाडं आहेत.

महाराष्ट्रात हे झाड लावता येईल का?

नाही. महाबळेश्वरची थंडीही त्याला पुरणार नाही, आणि आपला एप्रिल-मे ते सोसणार नाही. ब्रिटनमध्ये चिलीची रौली आणि रोबले लावली गेली, ती चांगली वाढली. कारण हवा जुळली आणि तिथल्या ओक-बीचच्या मुळांवरच्या बुरशींनी या पाहुण्यांनाही जवळ केलं. आपल्याकडे दोन्हींची वानवा.

बी किंवा जंगलातली मूठभर माती आठवण म्हणून सामानात टाकण्याचा विचारही करू नका. दोन्हीकडच्या विलगीकरण नियमांत ते बसत नाही. न्यूझीलंडला उतरताना ट्रेकिंगचे बूट घोषित करावे लागतात आणि तळव्याची माती आधीच ब्रशने साफ केलेली असावी लागते. पायवाटांच्या तोंडाशीही काही ठिकाणी बूट घासायचे ब्रश आणि जंतुनाशकाचे फवारे ठेवलेले असतात. ते जाताना वापरा, आणि बाहेर पडतानाही.